ह्याचा सरदार कुठं गेला?

१/
या मालिकेत आपण एरवी गडकोट, ताम्रपट, बखरी आणि सनावळ्या यांच्याविषयी बोलतो. आजचा धागा त्या मानाने फारच घरगुती आहे. गेल्या दोन महिन्यांत लालबागच्या आमच्या खोलीत, वडिलांच्या शेजारी बसून मी काही चित्रपट आणि विनोदाचे काही कार्यक्रम पाहिले. त्यांच्याविषयीची मते इथे मांडते आहे. ही मते समीक्षकाची नाहीत. जेवणे उरकल्यावर, अंथरुणे पसरण्यापूर्वी घरात जी सहज बोलली जातात, तशी ती आहेत. मात्र त्या बोलण्यातून माझ्या अभ्यासातली एक जुनी चूक माझ्या पदरात पडली. इतिहासाच्या वाचकांपासून ती लपवणे बरे नव्हे.

२/
आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी व्हायची आहे. दिवसा सामानाची बांधाबांध चालते आणि रात्री टीव्हीला मोबाईल जोडून आम्ही काहीतरी पाहतो. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईला आले, बदली कामगार म्हणून गिरणीत लागले आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. साचा म्हणजे माग. साचेखात्यात शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटत. तिथे उभे राहून आबांनी आमची पोटे भरली आणि स्वतःचे कान घालवले. ऐकण्याचे यंत्र त्यांच्याकडे आहे. ते औषधांच्या डब्यात असते. चित्रपट ते बहुतेक डोळ्यांनीच पाहतात. म्हणूनच कदाचित त्यांना असे काही दिसते, जे मला दिसत नाही.

३/
पहिला चित्रपट मीच निवडला : ‘लालबाग परळ’. महेश मांजरेकरांचा हा चित्रपट २०१० मध्ये आला. हिंदीत तो ‘सिटी ऑफ गोल्ड’ या नावाने आला. त्यामागे आहे जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे १९९७ सालचे नाटक. संपानंतरचे एक गिरणी कामगार कुटुंब, कोसळलेले वडील, घर सावरू पाहणारी आई आणि चार दिशांना फुटलेली मुले. सीमा बिस्वास यांची आई मला आजही हलवते. चाळीचा जिना, सामायिक नळ, खोलीतला काळोख, हे सारे मी जन्मापासून पाहिलेले. तेव्हा माझे मत ठरलेलेच होते : आमच्या वस्तीवरचा हा महत्त्वाचा चित्रपट आहे. ते मत मी आजही बदललेले नाही.

४/
आबांनी तो पूर्ण पाहिला. मध्ये एकदाही उठले नाहीत. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, “खरं हाय. असंच झालं. पण काय गं, आम्ही काय नुसतं रडतच होतो व्हय?”

मी म्हटले, “आबा, तो संपानंतरचा काळ आहे.”

“संपानंतर पण,” ते म्हणाले. “हसलो नसतो तर जगलो कसे असतो?”

आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता पुस्ती जोडली, “ह्यांना विचारू नकोस. एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत.” पण मी खरोखरच कधी विचारले नव्हते.

५/
माझी चूक ही. या मालिकेसाठी गिरणगावावर लिहिताना मी आबांशी तीन वेळा सविस्तर बोलले होते. ते सारे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. त्यात १८ जानेवारी १९८२ आहे, डॉ. दत्ता सामंत आहेत, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप आहे, गावाकडून आलेले तांदळाचे पोते आहे, आईने विकलेले मंगळसूत्र आहे. हे सारे खरे आणि आवश्यक आहे. पण माझे प्रश्न पुन्हा ऐकले तेव्हा लक्षात आले की, एकही प्रश्न असा नाही, ज्याचे उत्तर देताना माणूस हसू शकेल. मी त्यांच्याकडे साक्षीदार म्हणून गेले होते आणि साक्ष फक्त एकाच गोष्टीची मागत होते.

६/
आता थोडा इतिहास. गिरणगावात दोन वाटांनी माणसे आली. घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, अहमदनगर, सांगली, कोल्हापूर या भागांतून, आणि कोकणातून. बरीच माणसे एकटी येत. एका गाळ्यात पंधरा-वीस जण पाळ्यांप्रमाणे झोपत आणि खानावळीत जेवत. त्यांनी आपल्याबरोबर आपापले हसणेही आणले. कोकण्यांनी दशावतार आणि नमन आणले. त्यात संकासुर होता आणि गौळणींची मावशी होती. घाटावरच्यांनी तमाशा आणला. त्यात सोंगाड्या होता. लालबागचे न्यू हनुमान थिएटर हे तमाशाचे मुंबईतले एक मोठे ठिकाण होते. मधुकर नेराळे यांच्या कुटुंबाने ते चालवले. गावोगावचे फड तिथे येऊन उतरत. पगाराच्या दिवसानंतर तिथे उभे राहायला जागा नसे, असे आबा सांगतात.

७/
तमाशा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : आरंभी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. यातली बतावणी फार महत्त्वाची. बतावणीला दोन माणसे लागतात. एक सरदार, दुसरा सोंगाड्या. सरदार शहाणा, भारदस्त, सरळ प्रश्न विचारणारा. सोंगाड्या अडाणी, आणि त्या सरळ प्रश्नाला वाकडे उत्तर देणारा. सरदार विचारतो, राज्यात सारे कुशल आहे ना? सोंगाड्या मान डोलावतो आणि कुशलाचे असे काही वर्णन करतो की, राज्याची लक्तरे वेशीवर टांगली जातात. सरदार चिडतो, समोरचे लोक हसतात. आदल्या आठवड्यात रेशनच्या दुकानावर जे घडले ते आज बतावणीत आलेले असे.

८/
हे बळ ज्यांनी अचूक ओळखले त्यांत अण्णा भाऊ साठे पहिल्या रांगेत होते. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाला लोकनाट्य हे नवे नाव आणि नवा विषय मिळाला; राजाच्या जागी सावकार आणि गिरणीमालक आले. परळचे दामोदर नाट्यगृह त्याही आधीचे, १९२२ सालचे. ना. म. जोशी यांनी स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे ते सभागृह. कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्या तिथे तयार झाल्या. पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये त्याचे दार बंद झाले. थोडक्यात, गिरणगावात हसण्याची रीतसर व्यवस्था होती : थिएटर होते, फड होते, नट होते आणि प्रत्येक वाक्याला प्रत्युत्तर देणारे प्रेक्षक होते.

९/
ही पार्श्वभूमी मनात ठेवून पुढच्या रात्री मी आबांना एका तरुण मराठी विनोदवीराचा तासाभराचा कार्यक्रम दाखवला. मुलगा गुणी आहे. पुण्यातले भाडेकरू, लग्नाची स्थळे, आयटीतली नोकरी असे त्याचे विषय. मला मनापासून हसू येत होते. आबा मात्र पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होते. मी ओरडून विचारले, “ऐकू येतंय का?”

“ऐकू येत न्हाई, पण कळतंय,” ते म्हणाले. “पोरगं चांगलं हाय. पण एकटंच बोलतंय. ह्याचा सरदार कुठं गेला?”

१०/
सुरुवातीला मी हे हसण्यावारी नेले. नंतर तो प्रश्न डोक्यातून जाईना. स्टँडअप या प्रकारात माणूस एकटा उभा असतो, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्या एकटेपणाचा अर्थ आपण विचारत नाही. बतावणीत सत्ता रंगमंचावर हजर असते. सरदाराच्या पोशाखात ती उभी राहते, प्रश्न विचारते आणि सगळ्यांच्या देखत हरते. स्टँडअपमध्ये ती सत्ता फक्त वर्णनातून येते. विनोदवीर साहेबाचा आवाज काढतो, पोलिसाचा काढतो, सासूचा काढतो. साहेब स्वतः तिथे नसतो, त्यामुळे तो हरतही नाही. प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्याला विनोदवीर नाव विचारतो, नोकरी विचारतो, तेव्हा कार्यक्रमात एकदम जीव येतो. त्या क्षणी त्याला घटकाभर जोडीदार मिळालेला असतो.

११/
वीर दास यांचा ‘लँडिंग’ हा कार्यक्रम मी एकटीने पाहिला, कारण आबांना इंग्रजी येत नाही. २०२२ सालच्या या कार्यक्रमाला पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये त्यांनी दोन भारतांविषयी केलेल्या स्वगतावरून देशात मोठे वादळ उठले होते, पोलिसांत तक्रारी झाल्या होत्या. ‘लँडिंग’मध्ये ते त्या दिवसांकडे वळून पाहतात. माझे मत असे की कार्यक्रम बांधेसूद आहे, काही जागा अतिशय सच्च्या आहेत आणि शेवटाकडे तो जरा जास्तच गंभीर होतो. पण आबांच्या प्रश्नाचे एक उत्तर मला तिथे सापडले. या विनोदवीराचा सरदार सभागृहात नव्हता. तो बाहेर होता आणि कार्यक्रम संपल्यावर बोलला.

१२/
आता एक योगायोग पाहा. ‘लालबाग परळ’ प्रदर्शित झाला ते वर्ष २०१०. त्याच वर्षी लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या पॅलेडियम मॉलमध्ये ‘द कॉमेडी स्टोअर’ सुरू झाले. लंडनच्या प्रसिद्ध क्लबची ही मुंबईतली शाखा; पुढे तिचे नाव ‘कॅनव्हास लाफ क्लब’ झाले. केवळ स्टँडअपसाठी बांधलेली अशी जागा देशात तोवर जवळजवळ नव्हती. आज नावाजलेल्या कित्येक विनोदवीरांनी तिथल्या मंचावर आपली सुरुवातीची वर्षे काढली. म्हणजे ज्या वर्षी गिरणगावाचे रडणे पडद्यावर आले, त्याच वर्षी गिरणीच्या जमिनीवर हसण्याचे तिकीट विकले जाऊ लागले.

१३/
यावर चटकन संतापायचा मोह होतो. मीही पूर्वी संतापून लिहिले असते. पण खरे सांगायचे तर त्या क्लबात मी कार्यालयातल्या मित्रमैत्रिणींबरोबर गेले आहे, पोट दुखेपर्यंत हसले आहे आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. माईक हातात घेऊन आपल्या घरचे, आपल्या भाषेचे, आपल्या फजितीचे सांगणाऱ्या त्या मुलामुलींनी कुणाची गिरणी बंद पाडलेली नाही. गिरणीच्या जमिनींचे काय करायचे हे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, २००१ मध्ये तिच्यात झालेल्या बदलात आणि २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ठरत गेले. विनोदवीर त्यानंतर आले. मला खटकते ते वेगळेच. त्या आवारात हसताना, इथे याआधीही कुणी हसत होते, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. आणि मी तर साचेवाल्याची मुलगी.

१४/
तिसरी रात्र ‘सोंगाड्या’ची. ही निवड आबांची. दादा कोंडके आमच्याच बाजूचे. १९३२ मध्ये नायगाव-लालबाग परिसरात, गिरणी कामगाराच्या घरात जन्मलेले. त्यांनी अपना बाजारात नोकरी केली, बँडपथकात वाजवले आणि सेवादलाच्या कलापथकातून ते रंगमंचावर आले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातला त्यांचा हवालदार १९६५ पासून गाजू लागला. त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लागायचा होता, पण तिथे देव आनंदच्या हिंदी चित्रपटाला जागा देण्याचे घाटले. मग शिवसैनिकांनी हस्तक्षेप केला आणि ‘सोंगाड्या’ लागला. आबांनी तो तिथेच पाहिला, दुसरी पाळी बुडवून.

१५/
माझे मत : पन्नासहून अधिक वर्षांनंतर त्यातला बराच भाग संथ वाटतो आणि काही ठिकाणी विनोद ताणलेला आहे. पण तमाशाच्या नादी लागलेल्या भोळ्या नाम्याकडे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. दादांचे अर्धे बोलणे शरीरातून येते : लोंबणारी नाडी, वाकडी मान, अडखळणारे पाऊल, भाबडे डोळे. आवाज बंद केला तरी हसू येते. आबा आवाज बंद असल्यासारखेच पाहत होते आणि मोठ्याने हसत होते. त्या रात्री मला प्रथमच कळले की, दादांचे चित्रपट गिरणगावात तुफान का चालले असतील, याचे एक कारण कानांतही असावे. ज्यांनी दिवसाचे आठ तास धोट्यांच्या आवाजात काढले, त्यांच्यासाठी हा नट अंगाने बोलत होता.

१६/
आईचे मत मात्र निराळे आहे आणि ते नोंदवायलाच हवे. ‘सोंगाड्या’ तिलाही आवडतो. पण दादांच्या पुढच्या चित्रपटांतल्या द्व्यर्थी संवादांविषयी ती म्हणाली, “आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो. काही वेळा हसू यायचं म्हणून, आणि काही वेळा बाजूची बघतेय म्हणून. निम्मी थट्टा आमचीच असायची ना.” दादांच्या सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांच्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात आहे. पदराआडच्या या हसण्याची नोंद कुठेच नाही. बतावणीत सरदार हरायचा, हे खरे; पण गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायांची वाट अडवली जायची, हेही तितकेच खरे. जुन्या हसण्याविषयी लिहिताना ते सारेच निर्मळ होते असे म्हणण्याची चूक मी करणार नाही.

१७/
शेवटचा चित्रपट पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ मध्ये त्याला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाला. तीस वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. मुंबईच्या एका रुग्णालयातल्या दोन मल्याळी परिचारिका आणि पार्वती ही स्वयंपाकीण यांची ही गोष्ट. पार्वतीची भूमिका छाया कदम यांनी केली आहे. पार्वती रत्नागिरीकडची, गिरणी कामगाराची विधवा. इतकी वर्षे ज्या खोलीत राहिली ती तिचीच आहे, हे दाखवणारा कागद तिच्यापाशी नाही, आणि बिल्डरला जागा हवी आहे. एवढे कळताच आबा उठले, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेतून भाडेपावत्यांची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “बघ. म्हणून सांगतो, पावती टाकू नको.” मग पुन्हा बसले.

१८/
चित्रपट फार हळू बोलतो. कुजबुज, पाऊस, लोकलचा आवाज. आबांना यातले काही पोहोचत नसणार, असे वाटून मी तो बंद करायला निघाले होते. तेवढ्यात तो प्रसंग आला. उंच इमारतीच्या जाहिरातीचा फलक. त्यावर, प्रतिष्ठा ही निवडक लोकांचीच मिरास, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. आणि रात्रीच्या अंधारात त्या फलकावर दगड भिरकावणाऱ्या पार्वती आणि प्रभा. दोन मोठ्या वयाच्या, नोकरदार, सभ्य बायका.

आबा खदखदून हसले. इतके की त्यांना ठसका लागला. आईने पाणी दिले. पाणी पिऊन ते म्हणाले, “ही आमची बाई. हिला हसता येतंय.”

या चित्रपटाविषयी जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र याहून नेमके मत माहीत नाही. खोली जाणारच आहे. दगड मारून काही वाचणार नाही. तरीही त्या दगडात बतावणीतले वाकडे उत्तर आहे, आणि पार्वतीने तिचा सरदार अचूक हेरला आहे. तो फलकावर उभा आहे.

१९/
मग जे झाले ते मी आजवर पाहिले नव्हते. आबा उभे राहिले. म्हणाले, “साचेखात्यात बोललेलं ऐकू यायचं न्हाई. मग आम्ही हातानं बोलायचो.” दोन बोटे ओठांशी नेली : चहा. मुठीवर मूठ आपटली : साचा बंद पडला. तळहात कपाळाला लावून मान तिरकी केली : जॉबर येतोय. आणि मग त्यांनी त्या जॉबरची चाल केली. एक खांदा खाली पडलेला, पोट पुढे, तळव्यावर तंबाखू मळणारा अंगठा, कापडाच्या ताग्यावरून फिरणारे बोट, खोट सापडल्यावर वर गेलेल्या भुवया. जॉबर पाठमोरा झाला की त्याच्या मागून ही चाल एका साच्यापासून दुसऱ्या साच्यापर्यंत जायची. तो वळला की सगळे ताणाबाणा पाहण्यात गढलेले.

वर्षे अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे आणि सभोवती बांधलेली गाठोडी. एवढ्याशा जागेत त्यांनी तो माणूस उभा केला.

२०/
आई डोळे पुसत हसत होती. “हाच तो,” ती मला म्हणाली, “हाच तो जॉबर. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात ह्यांनी मला करून दाखवला होता.”

म्हणजे तो जॉबर आमच्या घरात पन्नासएक वर्षे राहत होता. आईला ठाऊक होता. साचेखात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. गिरणगावाच्या इतिहासावर लिहिणाऱ्या मला तेवढा तो ठाऊक नव्हता. जॉबर म्हणजे काय, हे मला विचारले असते तर मी परिच्छेदच्या परिच्छेद सांगितले असते : पूर्वी भरती त्याच्या हातात, बदली त्याच्या हातात, कामाच्या बदल्यात तो चिरीमिरी घेई, गावकीच्या नात्याने माणसे बांधून ठेवी. त्याची चाल कशी होती, हे मात्र मी कधी विचारले नव्हते. त्या चालीची नक्कल करणे हे खात्यातल्या माणसांचे रोजचे, बिनआवाजाचे उत्तर होते.

२१/
इतिहासाच्या तरुण वाचकांसाठी यात एक व्यावहारिक मुद्दा आहे. हसण्याचा पुरावा मिळणे फार कठीण असते. संपाची पत्रके उरतात, निकालपत्रे उरतात, मालकांचे ताळेबंद उरतात. नाटक-तमाशाची संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे मांडावी लागते, म्हणून तीही कुठेतरी उरते. पण बतावणीत सोंगाड्याने त्या रात्री, त्या प्रेक्षकाला, त्या बातमीवर दिलेले उत्तर संहितेत नसते. साचेखात्यातला जॉबर तर कुठल्याच कागदावर नसतो. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचे ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ हे पुस्तक माणसांच्या तोंडून आलेल्या आठवणींवर उभे आहे, म्हणून त्यात ही माणसे बोलताना भेटतात. तसे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि ते करायला पदवी लागत नाही.

२२/
लालबागच्या नाक्यावर ‘भारतमाता’ अजून उभे आहे. गिरणीच्या जमिनीवरचे, मराठी चित्रपट लावणारे, आमच्या खिशाला परवडणारे चित्रपटगृह. ते बंद होणार अशी आवई कितीदा उठली आणि किती वेळा लोक त्याच्यासाठी उभे राहिले, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. गेल्या रविवारी दुपारी आबांना तिथे घेऊन गेले. प्रेक्षक थोडेच होते. पडद्यावरचा खलनायक तावातावाने काही म्हणाला आणि आबांनी काळोखात, मोठ्याने, त्याला एक उत्तर दिले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. माझे कान तापले. पुढच्या रांगेतल्या दोन मुलांनी मागे वळून पाहिले आणि ती हसली. मग त्यांतल्या एकाने पडद्याकडे तोंड करून आणखी एक वाक्य जोडले.

२३/
तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गिरणीतली, गोदीतली, बेस्टमधली किंवा कुठल्याही कामावरून निवृत्त झालेली माणसे असतील त्यांना माझी विनंती आहे. त्यांना संपाचे विचारा, पगाराचे विचारा, उपासमारीचेही विचारा. पण एक प्रश्न अधिक विचारा : कामावर तुम्ही कुणाची नक्कल करायचात? आणि शक्य असेल तर फक्त आवाज टिपू नका, चित्रीकरण करा. माझ्याकडच्या तीन ध्वनिमुद्रणांत आबांच्या हातांचा एकही शब्द नाही.

२४/
पुढच्या आठवड्यात टेम्पो येईल. आज ट्रंक बांधताना आबांचे बदली कार्ड सापडले. त्यावरचा तरुण माणूस अतिशय गंभीर आहे, जणू आयुष्यात कधी हसलाच नसावा. मी ते आबांपुढे धरले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग कार्ड माझ्या हातात परत दिले आणि तळहात कपाळाला लावून मान तिरकी केली.

मी मागे वळून पाहिले. दारात बिल्डरचा माणूस उभा होता, सामानाची यादी घेऊन.